गल्लीत सांगितलं काशीला

तिकिटं काढली त्या दिवसापासून गाडी सुटेपर्यंत काळजीनं मला सोडलं नाही. प्रवास म्हणावा तर आठवड्याचा. पूर्णेहून आठवड्यातून एकदा पाटण्याकडे गाडी जाते. तिनं मुगलसरायला उतरायचं, तिथून रिक्षानं सारनाथ, दोन दिवस राहून बोधगया, तिथं दोन दिवस, आणि परत. कुशीनगर मी वहीत लिहून खोडलं होतं. आईच्या गुडघ्यांना तेवढी धावपळ झेपली नसती. जाणार आम्ही तिघंच. आई, बायको आणि मी. मुलगी शाळेच्या वसतिगृहात असते.

काळजीची कारणं मी सगळ्यांना सांगत होतो. तिकडं धुकं असतं, गाड्या आठ-आठ तास रखडतात. खालचे बर्थ दोनच मिळाले. आईच्या आधार कार्डावर जन्मसाल चुकलंय, धर्मशाळेत कोणी हटकलं तर? बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवायच्या, एक पाकीट हरवलं तर दुसरं. अशी वहीची दोन पानं भरली होती. बायको एकदा पान उलटून म्हणाली, "एवढं लिहिलंत, आणि खरं ते कुठंच नाही." मी वही मिटली. खरं ते आता लिहितो.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आई आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून गावातल्या विहाराची झाडलोट तिच्याकडं आहे. गाव चुडाव्याजवळ. मी शिकलो, परभणीला सरकारी कचेरीत लागलो. कचेरीत लपवण्यासारखं काही नसतं, नेमणुकीच्या कागदावरच सगळं असतं. पण कचेरी स्टेशनच्या त्या अंगाला आणि आमची गल्ली ह्या अंगाला. कचेरीतल्या एकाही माणसाला मी सतरा वर्षांत घरी जेवायला बोलावलं नाही.

सतरा वर्षांपूर्वी खोली बघायला आलो तेव्हा घरमालकीण दारात उभी होती. त्याच आमच्या शेजारच्या काकू. पुढं त्यांच्याच शेजारचा प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं. त्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं. मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग आमच्यातलेच की." मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी सुटलेली नव्हती. बांधलेली सोडली आणि पुन्हा बांधली, तोवर काकूंनी किल्ली आणली.

तेवढंच. त्यानंतर मी कधी खोटं बोललो नाही, आणि ह्याच गोष्टीचा मला आतून अभिमानही होता, हे कबूल करतो. कोणी विचारलंच नाही तर सांगायचं कशाला, असं मी बायकोला म्हणायचो. ती माझ्यापेक्षा सरळ आहे, पण नवीन लग्न, नवीन गाव, ती गप्प बसली. हळदीकुंकवाला जायला लागली. बुद्धाचा फोटो आणि त्याशेजारचा निळ्या कोटातला फोटो आम्ही कपाटाच्या दाराला आतून लावले. रोज आंघोळीला जाताना टॉवेलासाठी कपाट उघडायचं, तेव्हा दर्शन व्हायचं. चौदा एप्रिलला गावी जायचो. गल्लीत सांगायचो, गावाकडं जत्रा आहे.

आई ह्या घरात एकदाच राहायला आली. बारा वर्षांपूर्वी, मुलगी झाली होती तेव्हा. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन आली. रिक्षातून उतरली, रिक्षावाल्याच्या आरशाला निळी फीत बांधलेली होती. आईनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात त्याला जय भीम घातला. काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी पुढं झालो, पिशवी उचलली आणि म्हणालो, "आई, हळू."

आई रागावली नाही. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिनं वर पाहिलं, गच्चीकडं, मग माझ्याकडं. आणि ती हळू बोलायला लागली. तीन दिवस ती घरात हळूच बोलली. सकाळचं त्रिसरण तोंडातल्या तोंडात म्हटलं. नातीला गाणं म्हणतानासुद्धा आवाज वर गेला नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, शेळीला बघायला कोणी न्हाई. आणि गेली. पुन्हा कधी बोलावलं तर म्हणायची, तुमचं घर ल्हान हाय. घर लहान नाही.

गावातल्या बाया दर वर्षी बस करून बोधगयेला जायच्या. आई दर वर्षी मागं राहायची. त्यांना सांगायची, माझा लेक नेणार हाय मला. मी म्हणायचो, रजा नाही. रजा होती. वर्षाच्या वर्षाला वाया जात होती. आईबरोबर आठ दिवस एका डब्यात, एका खोलीत काढायचे, आणि त्यात तिनं एकदा जरी त्या तीन दिवसांचं नाव काढलं तर काय बोलायचं, हे मला ठाऊक नव्हतं. गेल्या दिवाळीत तिच्या गुडघ्याला डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, जिथं जायचं तिथं ह्या वर्षी जाऊन या. तेव्हा मी तिकिटं काढली.

काढली ती ओट्यावर बसून, मोबाइलवर. बायको आतून वयं सांगत होती. काकू फाटकाशी आल्या. "कुठं निघालाव भाऊ?" मी म्हणालो, बनारसच्या बाजूला, आईला घेऊन. हे खरंच होतं. सारनाथ बनारसपासून हाकेच्या अंतरावर आहे. काकूंचा चेहरा उजळला. "काशीला? आईला काशी घडवायलाव? नशीब काढलं माउलीनं." मी हसलो. आत बायकोनं भांडं आपटलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. समोरच्या बाईंनी गंगाजलाची छोटी बाटली मागितली. कोपऱ्यावरच्या घरून काशीचा काळा दोरा सांगितला, एक नको, पाच आणा, लेकीबाळींना होतील. परत आल्यावर मावंदं घालावं लागतं, काशीहून आलेल्या माणसानं गल्लीला जेवू घालायचं, आणि मोठी पातेली कोणाकडं आहेत ह्याची चर्चा आमच्याच ओट्यावर झाली. सगळे गेल्यावर बायकोनं विचारलं, "मावंद्याला बुंदी ठेवायची का जिलेबी? आचाऱ्याला आत्ताच सांगून टाकते." मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, "तुमचं 'बघू' सतरा वर्षं बघायलेय मी."

मग मी नवीन आखणी केली. आईला परभणीला आणायचंच नाही. गाडी पूर्णेहूनच सुटते, चुडाव्याहून पूर्णा जवळ. तिनं थेट तिथं यावं, आम्ही इथून तिथं जाऊ. गल्लीला आई दिसणारच नाही. पांढरं लुगडं तिनं पिशवीत ठेवावं आणि सारनाथला उतरल्यावर नेसावं, निष्कारण प्रवासात मळतं. हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं." परतताना गंगेवर अर्धा दिवस काढायचा, बाटली भरायची, दोरे घ्यायचे. म्हणजे काशीही होईल. कोणालाच फसवलं असं होणार नाही. कागदावर हे सगळं बसत होतं. 

निघायला आठ दिवस असताना काकू आल्या. हातात लाल फडक्यात बांधलेली मूठभर पोटली. पाय धुऊन आल्या होत्या, चप्पल नव्हती. भाद्रपदात त्यांचे मालक गेले होते. सावडल्यावर अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडल्या, पण थोड्या राखून ठेवल्या होत्या. काशीला जायचं जायचं म्हणत मालकांचं राहून गेलं होतं. मुलगा नाही. मुलगी लांब दिलेली. पुतण्या आज जातो, उद्या जातो करत होता. काकू म्हणाल्या, "तुमी खांदा दिलाव, आता एवढं बी तुमीच करा. आईच्या हातानं सोडा. त्या माउलीचा हात लागू द्या."

खांदा मी दिला होता. पहिल्या चौघांत होतो. काकांनी मला जिवंतपणी मुलासारखं वागवलं होतं, तेव्हा मागं कसा राहणार.

अस्थी घरात घेत नाहीत. काकूंनी अंगणात नजर फिरवली आणि फाटकाजवळच्या आमच्या शेवग्याच्या फांदीला पोटली बांधली. आता ती तुमच्याच दारातून निघू द्या, म्हणाल्या. हात जोडले, डोळे पुसले आणि गेल्या.

शेवग्याची फांदी कच्ची असते. शेंगा काढताना जरा हिसका बसला तरी मोडते. मी कचेरीत बसायचो आणि खिडकीबाहेर वारा सुटला की माझा पंजा टेबलाच्या कडेला घट्ट व्हायचा. पोटली खाली पडली तर? कुत्र्यानं ओढली तर? काढून दुसरीकडं बांधावी म्हटलं तर हात लावायची हिंमत होईना. हात लावायचा मला हक्क आहे का, हेच कळत नव्हतं. खांदा देताना हा प्रश्न पडला नव्हता. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी दोनदा गाडी काढून नुसती फांदी बघायला घरी आलो. बायको ओट्यावर धपाट्यांसाठी पीठ चाळत होती.  आम्ही दोघंही पोटलीकडं न बघता बोलत होतो.

चार दिवस उरले आणि आई आली. न सांगता. सकाळच्या गाडीनं परभणीला उतरून, रिक्षा करून, पांढरं लुगडं नेसून. गावातल्या बायांनी तिला विहारात बसवून निरोप दिला होता. त्यांनी प्रत्येक घराची एकेक मेणबत्ती दिली होती, बोधिवृक्षाखाली लावायला. एकूण पिशवीभर. "लेकाच्या घरून निघावं म्हनलं," ती म्हणाली. हळूच म्हणाली. तो हळू आवाज बारा वर्षं तिनं जपून ठेवला होता, माझ्या घरात शिरताना काढला.

चहा पिताना तिचं लक्ष शेवग्याकडं गेलं. "त्ये काय टांगलंय रं?"

बायको कप घेऊन उठली. "विचारा तुमच्या लेकाला," म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही.

मी सांगितलं. आधी पोटलीचं, मग काशीचं, मग बुटाच्या नाडीचं. मधेच थांबलो तर पुढचं कधीच बोलणार नाही म्हणून सलग बोललो. कपाटाच्या दाराचं सांगितलं. जत्रेचं सांगितलं. पूर्णेला परस्पर का बोलावलं होतं तेही. आई मेणबत्त्या मोजत होती, दहा-दहाचे गठ्ठे करून दोरा गुंडाळत होती. तिचे हात थांबले नाहीत. शेवटचा गठ्ठा बांधला आणि मग तिनं विचारलं.

"मंग मी कोन म्हनून येनार व्हते रं तुज्या घरी?"

मी पन्नाशीला आलेला माणूस. तिनं बांधलेले गठ्ठे पिशवीत भरायला लागलो.

ती म्हणाली, पिंड आणि श्राद्ध आपण सोडून दिलं, बावीस प्रतिज्ञांत आहे ते, मी म्हणून दाखवू का? मी म्हणालो, मला पाठ आहेत. "पाठ हायत," ती म्हणाली, आणि हसल्यासारखं केलं. मग बोट शेवग्याकडं केलं. "आपलं जाऊ दे. त्या मेल्याल्या मानसाला तरी फसवू नको. जा, सांगून ये."

काकूंच्या घरी जायला पंचवीस पावलं लागतात. काकू अंगणात ताटात तूर निवडत होत्या. बसा म्हणाल्या, चहा ठेवते म्हणाल्या. मी म्हणालो, आधी ऐका. उभ्यानंच सांगितलं. आम्ही कोण ते सांगितलं, कुठं निघालोय ते सांगितलं. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण तो शब्द तोंडातून आलाच नाही. काकूंनी ताट बाजूला सरकवलं. तुरीचे दाणे हातातून ताटात सोडले, हात पदराला पुसला.

"आमच्या मालकाला खांदा देताना का न्हाई बोललाव?"

मी खाली पडलेला तुरीचा दाणा उचलून ताटात टाकला.

"आन त्याच्या आधी? सोळा वर्सं?"

मी म्हणालो, भीती वाटत होती. हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. इतकी वर्षं मी त्याला रीतभात म्हणत होतो. काकू म्हणाल्या, "माजी? माजी भीती?" आणि एवढं बोलून उठल्या, चप्पल न घालता आमच्या फाटकाकडं चालायला लागल्या. मी मागोमाग.

आई ओट्यावर उभी होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं. दोघीही विधवा, साधारण एका वयाच्या. काकूंनी विचारलं, तुमी कवा आलाव? आई म्हणाली, सकाळी. जेवण झालं का? व्हईल आता. काकूंनी टाचा उंचावून पोटलीची गाठ सोडली. गाठ सुटेना, नखांनी ओढत राहिल्या, शेवटी सोडलीच. मी हात पुढं केला नाही.

आई तेव्हा बोलली, आणि तिचा आवाज चढला होता. "बाई, म्या गंगेपातूर जानारच हाय. मंत्र, पिंड मला येत न्हाईत आन मी करनार बी न्हाई. पन नुसतं पान्यात सोडायचं आसंल तर माज्या हातानं सोडीन. मानूस हाय त्ये बी."

काकूंनी पोटली छातीशी धरली.  मग आईला म्हणाल्या, "तुमच्या हातानं नको म्हनून न्हाई, बाई." माझ्याकडं न बघता पुढं म्हणाल्या, "ह्यांच्याबरूबर न्हाई पाठवायचं मला."

त्या गेल्या. ते त्यांनी खरं सांगितलं, की आईचं मन राखायला आडोसा केला, मला आजही कळलेलं नाही. दोन्ही असू शकतं. मी त्यातलं पहिलं धरून चालतो, कारण त्यात दोष माझा एकट्याचा उरतो आणि तो मला ओळखीचा आहे.

संध्याकाळपर्यंत हेही गल्लीत झालं. पुढचे चार दिवस गल्ली आपापल्या परीनं वागली. समोरच्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या, गंगाजल नको, आमच्याकडं निघालं जुनं. पातेल्यांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. कोपऱ्यावरच्या बाईंनी मात्र बायकोला रस्त्यात गाठून विचारलं, तिकडून जाणारच आहात तर दोरे आणायचे का नाही, पाचाचे सात करा. बायको घरी येऊन पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली. मग तिनं कपाटाच्या दारावरचे दोन्ही फोटो काढले. पुढच्या खोलीत खिळा ठोकायला मला सांगितलं. माझा हातोडा दोनदा चुकला, भिंतीचा पोपडा निघाला. तो तसाच आहे, फोटोखाली दिसतो.

निघायच्या दिवशी काकूंचं फाटक बंद होतं. आई रिक्षात बसण्याआधी त्या घरासमोर क्षणभर थांबली, मग बसली. मी सामान मोजत राहिलो. नऊ नग. पुन्हा मोजले, नऊ. गाडीची वेळ झाली म्हणून रिक्षावाल्याला घाई केली. पोटली पुढं उन्हाळ्यात त्यांचा पुतण्या घेऊन गेला. काकू माझ्या बायकोशी आजही बोलतात, माझ्याशी कामापुरतं. नळाला पाणी आलं का, एवढं.

पूर्णेला गाडी फलाटावर लागलेली होती. आमच्या समोरच्या बर्थवर हिंगोलीकडचं एक कुटुंब होतं. आजोबा, सून आणि तिच्या मांडीवर झोपलेलं तान्हं लेकरू. पिशव्या बाकाखाली सरकवल्या, साखळी घातली, गोळ्यांची दोन्ही पाकिटं तपासली. गाडी हलली. आजोबांनी आईच्या पांढऱ्या लुगड्याकडं पाहिलं, आमच्या सामानाकडं पाहिलं आणि मला विचारलं, काशीला का?

आईनं खिडकीबाहेरची नजर आत घेतली. ती माझ्याकडं बघत होती. बायकोही. मला बुटाची नाडी दिसली. ह्या खेपेला ती खरंच सुटलेली होती.

"न्हाई," मी म्हणालो, "सारनाथला. तिथून बोधगयेला. आम्ही बौद्ध आहोत."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा फार मोठा निघाला. पलीकडच्या बाकावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. तान्हं लेकरू दचकलं, तोंड वाकडं करायला लागलं. त्याच्या आईनं त्याला थोपटून पुन्हा झोपवलं. आजोबा म्हणाले, चांगलं आहे, लांबचा प्रवास आहे, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढायला वाकले.

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोल," ती म्हणाली. "लेकरू झोपलंय."